थंडीत पॉइंट टू-टूचे राउंड कसे सांभाळायचे

डिसेंबर-जानेवारीत बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर सकाळच्या बॅचची मुलं एकच तक्रार घेऊन येतात, "मॅडम, शॉट खाली जातायत!" आणि बोटं तोवर रायफलच्या साइटच्या (नेम धरायच्या भागाच्या) नॉबवर गेलेली असतात. माझं सांगणं ठरलेलं आहे: नॉब सोडा, आधी राउंड, म्हणजे रायफलची .22 ची काडतुसं, बघा.

शिशाच्या गोळीवर मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो. पुण्यात पहाटे पारा दहा अंशांवर उतरला की खोबरेल गोठावं तसा तो घट्ट होतो. मग बॅरलमध्ये तो सारखा पसरत नाही आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा शॉटचा पुंजका, फाकतो. शिवाय काडतुसातली दारू गार असली की सावकाश जळते, गोळीचा वेग पडतो. हिशोब करून बघा. वेग सेकंदाला 320 मीटरवरून 310 वर आला, तर 50 मीटरवर गोळी साधारण 8 मिलिमीटर खाली लागते. आपल्या टार्गेटवर एका रिंगची रुंदीही 8 मिलिमीटरच. म्हणजे 10.9 चा, अगदी मधोमध लागणारा शॉट सरळ 9.9! स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ज्या रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेमबाजी) ब्राँझ आणलं, तिथे एवढ्यात सगळा निकाल फिरतो. गार हवा थोडी जडही असते, पण 50 मीटरवर तिची फार काळजी नको.

म्हणून राउंडची पेटी स्कूटीच्या हुकला लटकवून आणू नका. किट बॅगेत, शूटिंग जॅकेटच्या घडीत ठेवा. हीटरजवळ किंवा उन्हात तर मुळीच नको, वंगण वितळून ओघळतं. राउंड ऊबदार हवेत असं नाही, सगळे एकसारखे हवेत. चार खिशातले आणि चार फरशीवरच्या पेटीतले, असं कधीच करू नका.

बॅरल गार असताना पहिल्या शॉटवरून क्लिक द्यायचे, म्हणजे साइटचा नॉब फिरवायचा, नाही. सायटर, म्हणजे गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट, मारा, ग्रुप बसू द्या, मग ठरवा. उलट बॅरल तापल्यावर राउंड चेंबरमध्ये ठेवून नेम धरत बसू नका. आतली दारू तापते आणि शॉट वर जाऊ शकतो. नेम जमत नसेल तर बोल्ट उघडा, राउंड बाहेर काढा.

वहीत रोज तापमान, राउंडचा लॉट नंबर (कारखान्यातल्या बॅचचा नंबर) आणि क्लिक लिहा. अकरानंतर ऊन चढलं की सकाळचे क्लिक परत घ्यावे लागतात, तेव्हा ही नोंद कामाला येते. आणि मे महिन्यात टेस्ट करून निवडलेला लॉट जानेवारीच्या मॅचला नेणार असाल, तर एका गार सकाळी तो पुन्हा तपासा.