जुन्या रेडियम कटिंग मशीनचा वीजपुरवठा कसा तपासावा

नंबरप्लेटची आणि पाट्यांची अक्षरे कापणारा जुना व्हिनाइल कटर काम चालू असताना मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला किंवा वेगात सरकताना रेघा चुकवू लागला, की संशय सहसा मोटर, पट्टा किंवा सॉफ्टवेअर यांच्यावर घेतला जातो. दोष मात्र अनेकदा एसएमपीएसमधील (भिंतीवरच्या एसी विजेचे यंत्राला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसीत रूपांतर करणारा पुरवठा) वाळलेल्या कपॅसिटरमध्ये असतो, आणि मग दुरुस्तीचे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असे होते.

एसएमपीएस उघडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तेथे स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय घातक आहे. १० किलोओह्म, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी काही सेकंद लावावा आणि मीटरने मोजून खात्री झाल्यावरच हात घालावा.

सुरुवात भिंतीवरील सॉकेटच्या अर्थिंगपासून करावी. रोलवरून व्हिनाइल सुटताना स्थिर वीज तयार होते. अर्थिंग तुटलेले असेल तर यूएसबी जोडणी तुटते, यंत्र अडकते, आणि हा दोष हुबेहूब पुरवठ्याच्या दोषासारखा दिसतो.

फ्यूज उडून त्याची काच काळी झाली असेल तर पुढे ब्रिज (एसीचे डीसी करणारा डायोडचा संच) किंवा मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी फ्यूजवर जाड तार गुंडाळून यंत्र चालू करू नये. भाग बदलल्यानंतर पहिली चाचणी ६० वॉटचा साधा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावून आणि एसएमपीएसवर कोणताही लोड न ठेवता घ्यावी. बल्ब क्षणभर चमकून विझला तर शॉर्ट दूर झाला असे समजावे. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून बाकी आहे.

फ्यूज शाबूत, ३२५ व्होल्टही हजर, पण आउटपुट नाही किंवा नुसती टिकटिक ऐकू येते, हा प्रकार अधिक रंजक आहे. यंत्र बंद करून, आउटपुटची जोडणी काढून पुन्हा चालू केल्यावरही टिकटिक थांबली नाही, तर कंट्रोल आयसीजवळचा २२ ते ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर तपासावा. ३८४२ जातीची आयसी साधारण १६ व्होल्टला सुरू होते आणि १० व्होल्टच्या खाली बंद पडते; कपॅसिटर वाळला असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या सहायक वेटोळ्याकडून वीज मिळण्याआधीच व्होल्टेज कोसळतो. म्हणूनच दिवसभर ठीक चाललेले यंत्र वीज गेल्यानंतर पुन्हा सुरूच होत नाही.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे मीटरवर नेमके २४ व्होल्ट दिसणे. लोड नसताना घेतलेले हे माप जवळजवळ निरुपयोगी असते, त्यामुळे मीटर मुख्य बोर्डाच्या कनेक्टरवर लावून, किमान मूल्य नोंदवणारी सोय चालू ठेवून, पूर्ण वेगात लांब तिरकी रेघ कापून पाहावी. व्होल्टेज एक व्होल्टहून अधिक खाली जात असेल तर तेच माप एसएमपीएसच्या टर्मिनलवर घ्यावे: तेथे ठीक आणि बोर्डावर कमी असेल तर दोष तारेत किंवा काळवंडलेल्या पिनेत आहे, दोन्हीकडे कमी असेल तर एसएमपीएसमध्ये. यंत्र चालू असताना मोटरचा कनेक्टर मात्र कधीही उपसू नये, कारण ड्रायव्हर आयसी जळू शकते. एसएमपीएस वेगळा काढून तपासायचा असेल तर ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब लोड म्हणून उत्तम. तो सुमारे ०.९ अँपिअर घेतो.

फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो, पण न फुगलेलाही निकामी असू शकतो; तेथे ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजणारा मीटरच कामी येतो. आउटपुटचे सर्व कपॅसिटर एकदमच बदलावेत, १०५ अंश सेल्सिअस तापमानाचे व कमी ईएसआरचे घ्यावेत, मायक्रोफॅरड तेच ठेवावे, व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त असावे आणि ध्रुव उलटे होऊ देऊ नयेत.

तयार एसएमपीएस बसवणे हा माझ्या मते बहुतेकांसाठी सुरक्षित मार्ग आहे, मात्र जुना पुरवठा एकच व्होल्टेज देत असेल तरच. नव्याची अँपिअर क्षमता जुन्याइतकी किंवा अधिक असावी, आणि बोर्डाला जोडण्यापूर्वी त्याचा आउटपुट मोजून समायोजनाच्या स्क्रूने जुन्या लेबलवरील आकड्याशी जुळवून घ्यावा.