थॉमसन, पण कोणते?

वीजतंत्रीच्या पोरांच्या वहीत नुसतं ‘थॉमसन’ लिहिलेलं दिसलं की मी वही परत करतो. विजेच्या अभ्यासात या आडनावाची चार मोठी माणसं भेटतात, आणि आपल्या कामाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या एलिहू थॉमसन यांचंच नाव पोरांना ठाऊक नसतं. मला ते फार लागतं.

ओळखायचं तर आधी विषय बघा. तारेचं एक टोक तापलेलं, दुसरं गार, आणि करंट सोडल्यावर उष्णतेची देवाणघेवाण होते, हा ‘थॉमसन परिणाम’ विल्यम यांचा. 1892 मध्ये ते लॉर्ड केल्विन झाले, म्हणून त्याआधीच्या लिखाणात ते थॉमसन नावानंच सापडतात. निर्वात नळी, इलेक्ट्रॉनचा शोध, 1897 असं आलं की ते जे. जे. थॉमसन. इलेक्ट्रॉनच्या विवर्तनासाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन लाटेसारखे पसरतात हे दाखवल्याबद्दल, 1937 चं नोबेल मिळालं ते त्यांच्या मुलाला, जी. पी. यांना. एलिहू वारले तेही 1937 सालीच, त्यामुळे नुसत्या सालावर जाऊ नका.

आता वेल्डिंग. लातुरात उन्हाळ्याआधी पत्र्याच्या कुलरची बॉडी जोडतात, तिथं स्पॉट मशीनजवळ थांबून बघा. तांब्याच्या दोन टिपांमध्ये दोन पत्रे दाबले जातात, क्षणभर जबर करंट जातो, पत्रे जिथं एकमेकांना टेकतात तिथला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सगळ्यात जास्त, म्हणून तिथंच धातू वितळून टाका बसतो. रॉड नाही, गॅस नाही. ही रोध-वेल्डिंगची युक्ती एलिहूंची. 1853 मध्ये मँचेस्टरला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत वाढला आणि त्यानं सातशेच्या आसपास पेटंटं घेतली. त्यांची थॉमसन-ह्यूस्टन कंपनी 1892 मध्ये एडिसन यांच्या कंपनीत मिळाली आणि जनरल इलेक्ट्रिक उभी राहिली.

प्रयोगशाळेतली उडणारी कडीही त्यांचीच. पोरं ती हमखास जे. जे. यांच्या नावावर टाकतात. लोखंडी गाभ्याच्या कॉईलवर ॲल्युमिनियमची कडी ठेवून एसी करंट, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट, दिला की कडी टणकन उडते. तिलाच करवतीनं आरपार काप द्या, मग ती जागची हलत नाही, कारण कॉईलमुळे कडीत तयार होणाऱ्या (प्रेरित) करंटला फिरायला वाट उरत नाही. सरांना सांगून हे एकदा करून बघाच.

शेवटचं: आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘पी’ दिसला, तर या चौघांपैकी कुणीच नाही. उष्णतेचा अभ्यास करणारे काउंट रमफर्ड म्हणजे बेंजामिन थॉम्पसन, ते वेगळे.