जुन्या फ्रेमला नवे पार्ट : खिशात हात घालण्याआधी आटे बघा

फ्रेम मोजून होईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. जुन्या बाजारात रविवारी फ्रेम मिळते आणि सोमवारी क्रँकसेट (पेडलच्या दांड्या आणि पुढचं चक्र) ऑर्डर होतो, हा क्रमच उलटा आहे. आधी व्हर्निअर, लोहचुंबक आणि तीनेक मीटर दोरा जमवा.

चुंबक चिकटला नाही तर फ्रेम ॲल्युमिनियमची. खाली मागचा चिमटा फाकवण्याबद्दल जे लिहिलंय ते तिच्यावर करायचं नाही, तडा जाईल. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या, लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. रंगाखाली सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे, तिथेच ठेवून द्या. वरवरच्या गंजाला मात्र घाबरायचं कारण नाही. आणि रॉड ब्रेक, चेनकव्हर, मडगार्ड सगळं शाबूत असलेली सायकल हाती आलीच, तर कृपा करून ती उघडी-नागडी करू नका. पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात एक चक्कर मारा आणि मग ठरवा. प्रयोगाला भंगारातल्या सुट्या फ्रेम आहेत की.

आता चाकं. आपल्या काळ्या २८ इंची सायकलच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिमी, हल्लीच्या ७००सी रिमचा ६२२. म्हणजे ब्रेकची गुटली साडेसहा मिमी खाली पोचली पाहिजे. रॉड ब्रेकची रिम बाजूने गोलसर असते आणि तिचं ब्रेकिंग आतल्या अंगाला होतं, त्यामुळे तिच्यावर कॅलिपर ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा) लावून उपयोग नाही. रिम बदलायचीच. ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर ब्रेक लागतो त्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, ५५ ते ७३ मिमी पोच असलेले लांब कॅलिपर मिळतात. शिवाय ४० मिमीच्या जाड टायरऐवजी ३२ मिमीचा टायर आला की बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस फिरतो ते बेअरिंग) जमिनीकडे साधारण १४ मिमी उतरते. पुण्याचे स्पीडब्रेकर ठाऊक आहेत ना? मग १७५ मिमी लांबीचा क्रँक मनातून काढा, १६५ घ्या.

पुढच्या चिमट्याच्या खाचा जुन्या ८ मिमी एक्सलच्या असतील तर कानशीने ९ मिमीपर्यंत वाढवा. रुंदी वाढवा, खोली नाही. एका बाजूची खाच अर्धा मिमी जरी जास्त खोल गेली तरी वर रिमपाशी चाक दीड मिमी कलतं, आणि मग लोक तारा आवळत बसतात.

मागची बाजू. एका गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये ड्रॉपआउटमधलं (मागचं चाक बसतं त्या दोन खाचांमधलं) अंतर बहुधा ११० मिमीच्या आसपास, आणि नवं सिंगल-स्पीड हब १२० चं. म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच मिमी फाकवायचं आहे. पोलादाला हे सहज झेपतं, यात खरंच भीती नाही. पण कुणी गॅसने गरम करून वाकवू म्हणाला तर सायकल उचला आणि निघा. मध्ये आटेवाली सळई घालून नट फिरवायची युक्ती व्हिडिओत फार छान दिसते. मला ती पसंत नाही. सळई दोन्ही बाजूंना सारखा जोर लावते, पण वाकते ती आधी कमजोर बाजू. त्यापेक्षा चार-पाच फुटी लाकडी बल्ली सीट ट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला) टेकवून एकेक बाजू वेगळी वाकवा. पोलाद मागे येतं, त्यामुळे १२० वर थांबवायचं तर कधी १४० च्याही पुढे न्यावं लागतं. थोडं वाकवा, मोजा, पुन्हा वाकवा. दोरा एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला बांधा. सीट ट्यूब आणि दोरा यांतलं अंतर दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

इथे बरेच जण थांबतात. फाकवल्यावर ड्रॉपआउटची तोंडं एकमेकांना समांतर राहत नाहीत, प्रत्येक बाजूला अर्ध्या अंशाहून जास्त तिरकी होतात. तसाच एक्सल आवळला तर तो वाकतो, आणि काही महिन्यांनी मोडतो. बोहरी आळीतून ३/८ इंची आटेवाल्या सळईचे दोन तुकडे आणा, एकेक ड्रॉपआउटमध्ये दोन-दोन नटांनी घट्ट करा. आतली टोकं बरोबर समोरासमोर येईपर्यंत ड्रॉपआउट मोठ्या पान्याने सरळ करा.

आता बीबी. खरं नुकसान इथे होतं, म्हणून इथे घाई नको.

बीबीच्या दोन्ही बाजूंना आटेवाले कप असतात. उजव्या कपचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सैल होतो. पाना घसरत असेल तर कपच्या भोकातून १६ मिमीचा बोल्ट घाला, दोन्हीकडे जाड वायसर लावा आणि बाहेरून नट घड्याळाच्या दिशेनेच आवळत न्या. नट घट्ट झाला की पुढे कपच फिरायला लागतो. हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं नसतं.

सर्वसाधारण इंग्लिश बीबीला इंचाला २४ आटे. रॅले कंपनीच्या बऱ्याच जुन्या फ्रेममध्ये इंचाला २६. व्यास जवळपास तोच! म्हणून नवा कप तोंडाशी छान लागतो, दीड-दोन फेरे हाताने जातो आणि मग जड होतो. माणसाला वाटतं गंज असेल, रंग असेल. तो तेल सोडतो, मोठा पाना घेतो. २४ ला एका आट्याचं अंतर १.०६ मिमी, २६ ला ०.९८. दर आट्याला ०.०८ चा फरक, म्हणजे चौथ्या आट्यापर्यंत तिसरा हिस्सा आटा चुकलेला. पान्याचा जोर ज्याला आपण गंज समजतो तो फोडत नाही, शेलचे, म्हणजे कप बसतात त्या फ्रेमच्या नळीचे, आटे सोलून काढतो. सोललेले आटे परत येत नाहीत. कप हाताने चार फेरे गेला नाही तर थांबा. पाना खाली ठेवा.

ओळखायचं कसं? जुना डावा कप घासून स्वच्छ करा आणि कुठल्याही साध्या फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रात) मागच्या बाजूने हाताने फिरवून बघा. फ्रीव्हीलचे आटेही तेच, २४ चे आणि सुलटे. कप पाच-सहा फेरे सुळकन गेला तर तुमची फ्रेम २४ ची. अडला तर जोर करू नका. खात्रीसाठी जुना कप आणि नवा २४ चा कप आट्याला आटा भिडवून उजेडासमोर धरा. आटे जुळले तर फटीतून उजेड येत नाही, न जुळल्यास मध्येच बारीक चिरा चमकतात. फ्रीव्हील कुठल्याही सायकलवाल्याकडे असतं, त्याला दोन मिनिटं मागा. देत नसेल तर त्याच्याकडून पार्टही घेऊ नका.

२६ निघाले तरी घाबरू नका. जुने कप धडधाकट असतील तर तेच ठेवा, छर्रे नवे घाला, कॉटर पिनचा (पाचर ठोकून बसवलेला) क्रँक चालवा. कमीपणा काहीच नाही त्यात. स्क्वेअर टेपरच (चौकोनी, निमुळत्या टोकांचा आस) हवं असेल तर आट्यांशिवाय, फुगून आत घट्ट बसणारी कार्ट्रिज बीबी (आस आणि बेअरिंग एकत्र बंद असलेली) मिळते. तिसरा मार्ग २४ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवण्याचा. भोसरीकडच्या चांगल्या वर्कशॉपात होईल, पण नवे आटे जुन्यांना छेदून जातात आणि पातळ राहतात, म्हणून हा शेवटचा उपाय. त्याआधी शेलची रुंदी मोजा. ६८ ऐवजी ७१ आली तर ६८ ची कार्ट्रिज दोन्ही बाजूंनी नीट बसणार नाही, प्रत्येक बाजू दीड मिमी घासून घ्यावी लागेल. दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घ्या. तो म्हणाला, ‘‘टॅप फिरवतो, माप कशाला?’’ तर तो तुमचा माणूस नव्हे. हेडसेटलाही (हँडलच्या बेअरिंगलाही) हीच भानगड असते, जुना चालत असेल तर हात लावू नका.

गिअरबद्दल माझं मत ठाम आहे. मागे उघडणाऱ्या ड्रॉपआउटला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारं गिअरचं यंत्र) टांगायचा अट्टहास करू नका. वेल्डिंग करून त्याचा हँगर (तो टांगायचा कान) चिकटवणं तर नकोच. त्या खाचांत चेन ओढून घेता येते, ही त्यांची खरी सोय. सिंगल-स्पीड किंवा हबच्या आतले तीन गिअर, दोन्ही तिथे झकास बसतात. तीन गिअरच्या हबबरोबर एक्सल फिरू न देणारे खाचेचे वायसर येतात, ते विसरलात तर चढावर जोर दिला की एक्सलच सरकतो.

चेनलाइन शेवटी. सीट ट्यूबच्या मध्यापासून पुढच्या चक्राच्या दातापर्यंत आणि हबच्या मध्यापासून फ्रीव्हीलच्या दातापर्यंत, दोन्ही मापं एक-दीड मिमीच्या आत जुळली पाहिजेत. बीबीचा स्पिंडल (आस) ३ मिमी लांब घेतला की चक्र दीड मिमी बाहेर जातं, या हिशोबाने स्पिंडल निवडा. हे माप आल्यावरच ऑर्डर द्या. पहिल्या ५० किमीनंतर क्रँकचे बोल्ट आणि मागचे एक्सल नट पुन्हा आवळा. नवा टेपर बसताना थोडा सैल पडतोच, त्यात काही बिघडलेलं नसतं.