गूगलवर दिसेना झालंय? सीमाभागात सर्च करताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक काका पावसाच्या तोंडावर आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात आले, मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “काय ओ, माझं गावच गूगलात नाही!”

गाव होतं. काकांनी लिहिलं होतं ‘सातबारा उतारा ऑनलाईन’. त्या शब्दांवर ते महाराष्ट्राच्या महाभूलेखवर जाऊन पोचले. तिथं कोल्हापूर होतं, सिंधुदुर्ग होतं, बेळगाव नव्हतं. असणार कसं? कर्नाटकात त्या कागदाला आरटीसी म्हणतात, कन्नडमध्ये पहाणी, आणि तो ‘भूमी’च्या पोर्टलवर मिळतो. ‘आरटीसी भूमी कर्नाटक’ एवढं लिहिलं, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव निवडलं, सर्व्हे नंबर टाकला, उतारा समोर. काका पाच मिनिटं गप्प बसले. तीन दिवस भावकीतल्या सगळ्यांना कामाला लावलं होतं त्यांनी.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. आपण घरातला शब्द लिहितो. सर्च इंजिन मात्र त्या पानावर काय लिहिलंय ते बघतं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, फॉर्मवर इंग्रजी अशी आपली तऱ्हा, त्यामुळं एकाच कागदाला तीन नावं. ‘लाईट बिल’ शोधलं की महावितरण वर येतं, कारण मराठीतून ते लिहिणारे लाखो लोक तिकडचे. आपली वीज हेस्कॉमची, म्हणजे कर्नाटकातल्या वीज कंपनीची. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला शोधताना महाराष्ट्राचं ‘आपले सरकार’ वर आलं तर मागं फिरा, आपलं काम कर्नाटकाच्या ‘नाडकचेरी’ पोर्टलवर. कचेरी कुठल्या राज्याची हे आधी ठरवा, त्या कचेरीच्या पाटीवरचा शब्द लिहा, मग शोधा. जमलं तर तोच शब्द इंग्रजीतही लिहून बघा, सरकारी पानं बहुतेक इंग्रजी-कन्नडमध्येच असतात.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आलं, आपल्या तोंडी ‘बेळगाव’च राहिलं, हिंदीवाले ‘बेलगाम’ म्हणतात, आणि इंग्रजीत जुनं-नवं अशी दोन स्पेलिंगं. आजची सर्च इंजिनं ही सगळी एकच हे बऱ्यापैकी ओळखतात, पण नेहमी नाही. जुनं गॅझेट, जुना निकाल, जुनी जाहिरात शोधायची असेल तर जुनं स्पेलिंग. नवीन टेंडर किंवा हॉल तिकीट असेल तर नवं. यात अभिमानाचा प्रश्न आणू नका, तो दुसऱ्या ठिकाणी आणता येतो.

“सकाळी टाकलं, अजून दिसेना”

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. लोकांना वाटतं, आपण शब्द टाकला की गूगल त्या क्षणी जगभर हिंडून शोधून आणतं. तसं नसतं. हिंडायचं काम आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतात आणि वाचलेलं साठवत जातात. मग त्याची उलटी यादी होते. समजा तीन पानं आहेत. पहिल्यावर ‘बेळगावचा कुंदा’, दुसऱ्यावर ‘शहापूरची साडी’, तिसऱ्यावर ‘शहापूरचा कुंदा’. यादीत पानं नसतात, शब्द असतात: ‘कुंदा’ म्हटलं की १ आणि ३, ‘शहापूर’ म्हटलं की २ आणि ३. तुम्ही ‘शहापूर कुंदा’ लिहिलं की दोन्ही ओळींत सामाईक नंबर कुठला तेवढंच बघायचं, ३. खरी यादी अब्जावधी पानांची असते आणि मराठीतले विभक्तीचे शेपूटही सोलावे लागतात, पण मूळ युक्ती हीच. म्हणून उत्तर अर्ध्या सेकंदात येतं, आणि म्हणूनच आज सकाळी टाकलेलं पान यादीत चढलं नसेल तर कितीही शोधलं तरी येणार नाही. नवीन साईटला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे.

आता माझीच फजिती सांगतो. गल्लीतल्या एका साडीवाल्यांची साईट मी बनवली. दोन महिने झाले तरी नाव सर्चमध्ये नाही. रोज त्यांचा फोन. मी रोज “गूगल वेळ घेतं हो” म्हणून वेळ मारून नेत होतो. शेवटी एका रात्री सेटिंग उघडून बघितलं तर काम चालू असताना मीच एका चौकोनात टिक केली होती, ‘सर्च इंजिनांना ही साईट यादीत घेऊ नका’ अशा अर्थाची. काम संपल्यावर काढायची विसरलो. त्या टिकेनं प्रत्येक पानात ‘नोइंडेक्स’ असा आदेश बसतो, आणि क्रॉलर तो निमूट पाळतो. साडीवाल्यांना खरं सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि पुढच्या वर्षीचे पैसे कापले.

साईट दिसत नसेल तर आधी तो नोइंडेक्स तपासा. मग रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाईल. १९९४ पासून चालत आलेली ही साधी फाईल क्रॉलरला सांगते की कुठल्या भागात शिरू नकोस. इथं एक मजेशीर घोळ होतो: एखादं पान सर्चमधून काढायचं म्हणून लोक नोइंडेक्सही घालतात आणि या फाईलीत दारही बंद करतात. दार बंद असल्यावर क्रॉलर आत येऊन नोइंडेक्स वाचणार कसा? मग दुसऱ्या कुणाच्या लिंकमुळं ते पान नुसत्या पत्त्यानिशी सर्चमध्ये लोंबकळत राहतं. पान सर्चमधून काढायचं असेल तर नुसता नोइंडेक्स घाला आणि दार उघडं ठेवा. हे सगळं ठीक असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (फुकट आहे) पानाचा पत्ता टाकून यादीत घ्यायची विनंती करता येते. एकदा करा. दिवसातून दहादा करून काही लवकर होत नाही.

डोळ्यांना मराठी, यंत्राला गिचमिड

बेळगावात डीटीपीवाले पुष्कळ. लग्नपत्रिका, अहवाल, गणपती मंडळाची स्मरणिका सगळं जुन्या फॉन्टात जुळवलेलं. त्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर ‘शहापूर’ दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा घालतो. तसाच मजकूर उचलून साईटवर चिकटवला की सर्च इंजिनला शहापूर दिसत नाही, गिचमिड दिसते. मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असलेल्या पद्धतीत) बदलून घ्या. बदलल्यावर एकदा नजर घाला, ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झालेला असतो आणि जोडाक्षरं फुटलेली असतात.

दुसरी खोड म्हणजे सगळं पोस्टर म्हणून टाकणं. वेळ, पत्ता, भाव सगळं एका जेपीजीत. यंत्रं आता चित्रातली अक्षरंही थोडीफार वाचतात, पण त्या भरवशावर राहू नका. दुकानाचा पत्ता अक्षरांत लिहा, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. आपल्याकडं गिऱ्हाईक तिन्ही भाषांत शोधतं, कर्नाटकातल्या हुक्केरीचं वेगळं, महाराष्ट्रातल्या चंदगडचं वेगळं.

एकच शब्द चाळीसदा

“पानाच्या खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘बेळगाव कुंदा बेळगाव कुंदा’ घाल की,” असं मला अजून सांगणारे आहेत. ही युक्ती आजोबांच्या काळातली. थोडं मागं जाऊन बघितलं तर ती का मेली ते कळतं.

१९९० साली मॉन्ट्रियलमधल्या ॲलन एमटेज यांचं ‘आर्ची’ आलं, ते फक्त फायलींची नावं शोधायचं, आत काय लिहिलंय ते नाही. १९९४ मध्ये ‘याहू’ आलं, सुरुवातीला ती माणसांनी हातानं लावलेली यादीच होती. ‘वेबक्रॉलर’ त्याच वर्षीचं, त्यानं पानातला सगळा मजकूर वाचायला सुरुवात केली. डिसेंबर १९९५ मध्ये आलेलं ‘अल्टाविस्टा’ त्यात फार वेगवान. पण तेव्हाची यंत्रं मुख्यतः शब्द किती वेळा आला ते मोजायची, म्हणून जो जास्त ओरडेल तो वर. स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी वेगळा हिशेब मांडला: पान स्वतःबद्दल काय सांगतं यापेक्षा दुसरी किती आणि कसली पानं त्याच्याकडं बोट दाखवतात ते बघा. पेजरँक तो हाच, आणि १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली ती त्याच्यावर. बाजारात नवीन माणूस चांगलं दुकान तसंच तर शोधतो.

मग लोक लिंकाच विकत घ्यायला लागले. गूगलच्या २०११ च्या ‘पांडा’ बदलानं पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली, २०१२ च्या ‘पेंग्विन’नं बनावट लिंकांना पकडलं. पानाच्या डोक्यात लपवून ठेवायची कीवर्डची, म्हणजे शोधायच्या शब्दांची, यादी आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गूगलनं २००९ लाच जाहीर केलं होतं. तरी आमच्या धंद्यात त्या यादीचे पैसे घेणारे अजून आहेत. २०१९ पासून गूगलच्या ‘बर्ट’सारखी भाषा समजून घेणारी मॉडेलं वाक्यातल्या शब्दांचा एकमेकांशी संबंध बघतात, त्यामुळं ‘बेळगावहून गोव्याला’ आणि ‘गोव्याहून बेळगावला’ यातला फरक यंत्राला कळायला लागला. चाळीसदा ‘कुंदा’ लिहिण्यापेक्षा किलोला किती, किती दिवस टिकतो, पार्सल पुण्याला जातं का, हे लिहा. गिऱ्हाईक तेच विचारतं.

स्वतःचं दुकान स्वतःच्या मोबाईलवर शोधून खूश होऊ नका. जुने शोध आणि तुम्ही उभे असलेली जागा बघून निकाल बदलतो. कुणा पाहुण्याच्या फोनवर बघा. उलटही होतं: घरच्या इंटरनेटवरून शोधलं की कधीकधी यंत्र तुम्हाला बंगळूरचं समजतं आणि ‘जवळचा दवाखाना’ तिथला दाखवतं. निकालाच्या पानाच्या तळाशी ठिकाण लिहिलेलं असतं, ते बदलता येतं. नाहीतर सरळ आपल्या भागाचं नाव घालून, ‘दवाखाना टिळकवाडी’ असं लिहून शोधा.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. बँकेचा किंवा गॅसचा कस्टमर केअर नंबर सर्चमधून उचलू नका. सगळ्यात वर जे येतं त्यात ‘प्रायोजित’ म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात असू शकते, आणि भामटे आपला नंबर ठिकठिकाणी पेरून ठेवतात. ओळखीतल्या एका मावशींनी असाच नंबर लावला, समोरच्यानं एक ॲप घ्यायला लावलं, खातं रिकामं. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा.

अलीकडं निकालाच्या वर यंत्रानंच लिहिलेलं तयार उत्तर येतं. वाचायला सोपं, पण आपल्यासाठी धोक्याचं, कारण दोन राज्यांची माहिती एकाच मराठीत मिसळायला वेळ लागत नाही: पायऱ्या महाराष्ट्राच्या, जिल्हा आपला. खाली दिलेली लिंक उघडा आणि पत्ता बघा. कर्नाटक सरकारच्या बहुतेक साईटींच्या पत्त्यात ‘कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन’ असतं.

ते खानापूरचे काका परवा परत आले होते, या वेळी लाईट बिलासाठी. ‘हेस्कॉम’ स्वतःच टाईप करून आणलं होतं, फक्त खात्याचा नंबर कुठं मिळेना म्हणून गूगलात शोधत बसले होते. तो खिशातल्या जुन्या बिलावर होता.