घरच्या घरी थीमचा वाढदिवस
थीम मुलालाच निवडू द्या, फक्त ती ‘समुद्र’, ‘जंगल’ अशी मोकळी ठेवा. एखाद्या ठरावीक कार्टूनच्या मागे लागलात की सगळं विकतच आणावं लागतं. समुद्राला निळी चादर, कागदी मासे आणि पुठ्ठ्याची होडी पुरते. अख्खं घर सजवत बसू नका. केक कापायची एकच भिंत सजवा, फोटो तिथेच निघतात. मासे रंगवायचं काम आलेल्या मुलांनाच द्या, म्हणजे सगळे जमेपर्यंत कुणी कंटाळत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांना दीड-दोन तास भरपूर झाले, त्यामुळे संपण्याची वेळही निमंत्रणात लिहा. आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला: लहान मुलं ते तोंडात घालतात, घशात अडकले तर श्वास कोंडतो.