क्लच सुटत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला क्लच पार तळाला दाबून उभे आहात, तरी गाडी इंच-इंच पुढे सरकते. रिव्हर्स टाकताना कर्रर्र वाजतं. इंजिन बंद केलं की तेच गिअर अलगद पडतात. अशी गाडी आमच्या गॅरेजात आली की मालक खाली उतरायच्या आत सांगतात, "क्लच सुटंना झालाय, सेटच टाका." माझं पहिलं काम त्यांना थांबवायचं असतं. सेट म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग; तो बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. त्यात दिवसभराची मजुरी जाते आणि मालाचा खर्च वेगळा. दोष मात्र पुष्कळदा बाहेरच, पेडलपासून फोर्कपर्यंतच्या (बेअरिंग ढकलणाऱ्या लिव्हरपर्यंतच्या) हातभर अंतरात सापडतो.

घसरणारा क्लच आणि न सुटणारा क्लच एकच समजणे

दंडोबाच्या डोंगराच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा प्लेट घसरत असते. तिथे सेटचा खर्च बहुधा अटळ असतो. न सुटणारा क्लच याच्या बरोबर उलट. पेडल दाबलं तरी प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकापासून) मोकळी होत नाही, ती फिरत राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्टही फिरवते. नुसती प्लेट झिजली म्हणून क्लच सुटत नाही, असं सहसा होत नाही.

तपासणी न करता निदान करणे

सपाट जागा बघा, समोर-मागे माणूस नको, हँडब्रेक ओढा. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, म्हणून शाफ्ट जरा जरी फिरत असला तरी हा गिअर लगेच कर्र करतो. पाच सेकंद थांबूनही आवाज आला तर क्लच सुटत नाही, हे नक्की. इंजिन बंद असतानाही गिअर जड असतील तर लिव्हरची केबल, लिंकेज किंवा गिअर ऑइल बघा. फक्त चालत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, कर्र करत असेल तर तो सिंक्रोचा दोष; त्यात क्लचला हात लावू नका.

आणि पेडलखालची मॅट आधी काढा. दुहेरी मॅट टाकलेली असते, पेडल तळापर्यंत जातच नाही.

हायड्रॉलिक क्लचमध्ये नुसतं ऑइल भरून गाडी पळवणे

ही चूक सर्वात महागात पडते. या क्लचमध्ये पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून फोर्कपर्यंत जातो. तासगावचे एक बागायतदार अण्णा ऐन द्राक्षाच्या हंगामात आले. दुसरीकडे नवा सेट टाकून झाला होता, तरी पहिला गिअर पडत नव्हता. मी पेडल तीन-चार वेळा भराभर मारलं आणि गिअर टाकला. पडला. पेडल दाबून अर्धा मिनिट धरून ठेवलं तर गाडी हळूच पुढे ओढायला लागली. बाहेर कुठे थेंबही नव्हता. पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतला रबरी वॉशर गेला होता, दाब आतल्या आत मागे सुटत होता. नवा मास्टर बसवला, हवा काढली, गाडी संध्याकाळच्या आत बागेवर परतली. सेटचे पैसे गेले ते गेलेच, याचं मला आजही वाईट वाटतं.

पेडल मारल्यावर क्लच सुधारला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर गेलाय, असं धरा. मग त्या ऑइलच्या दाबाने फोर्क हलवणारा स्लेव्ह सिलिंडर बघा. एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने बॉनेटमधून फोर्क ढकलणाऱ्या दांड्यावर नजर ठेवावी. दांडा पुरेसा सरकत नसेल तर दोष बाहेर आहे. पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तरच आतला संशय घ्या: वाकलेला फोर्क, प्रेशर प्लेटच्या मोडलेल्या फिंगर (स्प्रिंगच्या पात्या), वाकडी प्लेट. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत असतो. तिथे खाली ब्रेक ऑइल ठिबकतंय का ते बघा.

अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबा असतो. क्लचची नळी त्यात वरच्या बाजूला असते, त्यामुळे पातळी उतरली की आधी क्लच जातो आणि ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहतं. म्हणजे क्लचने दिलेला तो ब्रेकचा इशारा असतो. गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच भरा. इंजिन ऑइल चुकूनही ओतू नका, सगळे रबर फुगतात.

केबल आवळतच जाणे

केबलच्या गाडीत पेडलला वरच्या वर थोडी मोकळी चाल लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाल फार वाढली तर क्लच सुटत नाही. पण अजिबात ठेवली नाही तर बेअरिंग सतत फिंगरवर घासतं, आणि मग क्लच घसरायला लागतो. आवळूनही आठ दिवसांत पुन्हा तेच झालं तर केबलचे धागे तुटत आहेत, ती बदलाच.

पुरातली गाडी जबरदस्तीने सोडवणे

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर सांगलीत अशा गाड्या खूप पाहिल्या. कृष्णेचं पाणी उतरलं, पण प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. पावसाळाभर नुसती उभी राहिलेली, पाण्यात न बुडालेली गाडी असेल तर मोकळ्या मैदानात पेडल दाबून पहिल्या गिअरवर स्टार्टर मारतात, आणि गाडी चालू झाली की पेडल दाबूनच अॅक्सिलरेटर देत-सोडत प्लेट सुटवतात. समोर भिंत, माणूस, जनावर काही नको. बुडालेल्या गाडीला मात्र हे करू नका. बेल हाउसिंगमध्ये गाळ असतो, इंजिनात पाणी असू शकतं. तिथे गिअरबॉक्स उतरवणं हेच योग्य.

नवा सेट बसल्यावर गप्प बसणे

कामाच्या आधी गिअर पडत होते आणि सेट टाकल्यावर पडत नाहीत, तर गाडी तशीच घरी नेऊ नका. प्लेट उलटी बसली असू शकते. फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर लिहिलेली असते. प्लेट शाफ्टच्या खाचांवर सहज सरकायला हवी, ते बसवतानाच हाताने बघून घ्यायला सांगा. जुनी प्लेट आणि प्रेशर प्लेट परत मागून घ्या. फिंगर एका पातळीत आहेत का, ते उजेडात धरून स्वतः बघा.