प्रभाग शोधताना: घोडबंदर रोडवरच्या एका प्रबंधाची गोष्ट

एमएच्या प्रबंधासाठी मी विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्याच प्रभागात महापालिकेच्या निवडणुका कशा कशा होत गेल्या, एवढंच लिहायचं होतं. नगरसेवक ओळखीचे, शाखा-कार्यालयं पायाखालची. महिनाभरात 2007 आणि 2017 चे निकाल शेजारी-शेजारी मांडून रंगीत आलेख घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, दोन्हीकडे प्रभागाचा क्रमांक एकच आहे, पण माणसं तीच आहेत का?"

नव्हती. प्रभागाचा क्रमांक हे घराच्या दारावरचं नाव नव्हे. दर निवडणुकीला तो पुसून नव्याने लिहितात. 2007 ला ठाण्यात 116 नगरसेवक होते, एका प्रभागातून एकच. 2012 ला 65 प्रभागांतून दोन-दोन असे 130. 2017 ला 33 प्रभाग आणि 131 जागा, म्हणजे एक प्रभाग सोडला तर सगळे चार सदस्यांचे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 18,41,488. त्या हिशेबाने 2017 चा चार सदस्यांचा प्रभाग छप्पन हजारांच्या घरात जातो. 2001 च्या जनगणनेवर बेतलेला 2007 चा प्रभाग जेमतेम अकरा हजारांचा. आमच्या आईसाठी दोन्ही वेळा तो "आपला वॉर्ड"च होता. माझ्या आलेखात मात्र मी वाडीची तुलना तालुक्याशी करत होते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच की निकालांना हात लावण्याआधी प्रभाग रचनेची अधिसूचना मिळवा. तीत व्याप्ती आणि चारही दिशांच्या हद्दी लिहिलेल्या असतात: अमुक नाल्याच्या मध्यापासून तमुक सोसायटीच्या कुंपणापर्यंत. वाचायला रुक्ष, पण खरं राजकारण तिथेच दडलेलं असतं. प्रारूप आणि अंतिम रचना दोन्ही मिळवा. मधल्या हरकती-सूचनांनंतर एखादी वसाहत या प्रभागातून त्या प्रभागात गेलेली दिसली की का गेली हे विचारायला जा. रचना जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी पाडलेल्या घरांच्या लहान गटांवरून करतात, तेव्हा ते गटही जमले तर टिपून ठेवा.

मला शेवटी तारलं ते मतदान केंद्रांनी. महापालिकेसाठी विधानसभेचीच मतदारयादी प्रभागवार फोडून वापरतात. त्यामुळे यादी भाग, म्हणजे त्या यादीचे केंद्रागणिक पाडलेले तुकडे, धरून मागे मागे जाता येतं. भागही बदलतात, पण प्रभागाइतके बेभरवशाचे नसतात. मी वाघबीळ गावठाणाच्या आसपासची केंद्रं एका गटात घेतली, टॉवरांची दुसऱ्या गटात, आणि प्रभाग विसरून त्या दोन गटांचीच कथा लिहिली. 1982 साली महापालिका झाली तेव्हा आसपासची गावं शहराला जोडली गेली. पहिली निवडणूक 1986 ची. गावकीची मतं आणि भाड्याने राहायला आलेल्यांची मतं एकाच पेटीत मोजली तर दोन्ही हरवतात.

चार सदस्यांच्या प्रभागात आणखी एक खड्डा आहे. मतदार अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो. एका पक्षाच्या चौघांची मतं बेरीज करून टक्केवारी काढलीत तर फसलात. जागेगणिक काढा. 'अ'मध्ये पक्षाला भरभरून आणि 'ड'मध्ये कमी, असा फरक निघाला तर तो उमेदवाराचा असतो, पक्षाचा नव्हे. माझ्या मते अख्ख्या प्रबंधात वाचण्यासारखं तेवढंच होतं.

आरक्षणाची सोडत वेगळ्या रकान्यात लिहा. 2012 च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा महिलांच्या. यादीत दर वेळी नवं नाव दिसतं, पण मधलं नाव आणि आडनाव नीट वाचा: नवरा बसतो, बायको उभी राहते, पुढे सून. कट्ट्यावरचे काका हे कुठल्याही कागदापेक्षा आधी सांगतात. काकांनी सांगितलेल्या मतांच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, ते दर चहाला वाढतात.

जुन्या केंद्रनिहाय निकालांसाठी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून. महिन्याने उत्तर आलं, "नस्ती आढळून येत नाही," म्हणजे फाईलच सापडत नाही. तीच पानं मला एका पराभूत उमेदवाराच्या माळ्यावर मिळाली. जिंकलेले कागद ठेवत नाहीत, हरलेले ठेवतात.

मध्यंतरी तो तक्ता पुन्हा काढला. पक्षाच्या रकान्याला आता तारीख जोडावी लागते: 2017 ला शिवसेनेचे 67 निवडून आले, आणि 2022 च्या जुलैत त्यातले 66 जण एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. त्याआधीच, मार्चमध्ये, महापालिकेची मुदत संपली होती. पुढचं मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झालं, पुन्हा 33 प्रभाग आणि 131 जागांसाठी. मधल्या चार वर्षांच्या रकान्यात नगरसेवकाच्या जागी मी 'प्रशासक' लिहिलंय. यादी भाग मात्र पुन्हा एकेक करून जुळवायला बसले आहे, कारण आमच्या सोसायटीसमोरचं केंद्र या वेळी शाळा बदलून पलीकडे गेलंय.